एकाच बाजूने चालणारे स्टेअरिंग

विकी रोकडे फ्लेक्सवर कधी खोटं छापत नसे. ही त्याची टेक होती आणि ती तो गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगत असे. दापोड्याच्या रस्त्याला, गोडाउनांच्या रांगेत त्याचं छोटं दुकान होतं. वाढदिवस, उद्घाटन, दशक्रिया, ‘गाळा भाड्याने देणे आहे’, सगळं तिथे छापून मिळे. खोटं छापायचं नाही, पण खरं कसं मांडायचं ते आपल्या हातात असतं, असं त्याचं म्हणणं. एका खानावळवाल्याला त्याने ‘इथे एकदा जेवलेला माणूस ती चव विसरत नाही’ असं लिहून दिलं होतं. तिथे एकदा जेवलेली माणसं हे शपथेवर सांगायला तयार होती.

त्याची थोरली बहीण धम्मदिना याच्या अगदी उलट. चार अटी घातल्याशिवाय तिचं एक वाक्य पुरं होत नसे. शेलार गावच्या शाळेतून निघालेली ही मुलगी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पोचली, प्रकाशाच्या कणांवर डॉक्टरेट केली आणि तिथल्याच प्रयोगशाळेत कामाला लागली. काय करतेस, असं घरी कोणी विचारलं की ती खरोखरच सांगायला बसे. मग त्यांची आई, मंदा, गॅस बंद करायला म्हणून उठे ती परत फिरकत नसे.

दोन वर्षांपूर्वी शेलारच्या बुद्धविहाराच्या सभागृहात धम्मदिनाचं व्याख्यान ठेवलं होतं. अकरा माणसं आली. त्यांतली चार घरची, आणि एक जण तर मोबाइल चार्जिंगला लावायला जागा मिळाली म्हणून बसलेला. व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारा म्हटलं, तर मागून एकाने पंखा जरा वाढवता येईल का, एवढंच विचारलं. धम्मदिना हसली, छान झालं म्हणाली. पण सगळे गेल्यावर तिने फळा दोनदा पुसला. विकीने ते पाहिलं होतं आणि ते त्याच्या मनात रुतून बसलं होतं.

यंदा महिला मंडळाने पुन्हा व्याख्यान ठरवलं. मंडळाची अध्यक्ष मंदाच होती, त्यामुळे फार चर्चा झाली नाही. धम्मदिनाने विकीला विषय पाठवला: ‘गुंफलेल्या कणांमधील असममित नियंत्रण’. विकीने तो तीनदा वाचला आणि या वेळी अकराही येणार नाहीत हे त्याला कळून चुकलं. त्याने तिला फोन करून विचारलं की याला इंग्रजीत काय म्हणतात. ती म्हणाली, स्टेअरिंग.

विकीने मान वर केली. दुकानासमोरून एक ट्रेलर वळत होता, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तीन पिकअप आणि एक टँकर. दिवसभर हेच चालू असे.

त्याने कागद-पेन घेतलं आणि बहिणीला एकेक वाक्य विचारायला लागला. तुझं स्टेअरिंग एकाच बाजूने चालतं, दुसऱ्या बाजूने चालत नाही, हे खरं का? खरं, ती म्हणाली, काही ठराविक परिस्थितीत. त्याचं कारण वाटेत होणारी गळती, हे खरं का? बऱ्याच वेळा, हो. तपासणी करता येते का? तपासणी हीच तर मुख्य गोष्ट आहे, असं म्हणून ती पाच मिनिटं त्यावर बोलली. मग उपाय आहे का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, उपाय कशाला करायचा, आम्ही ते मुद्दाम तसं करतो. विकीने कागदावरचं ‘उपाय’ खोडलं. शेवटी तिने विचारलं, की हे सगळं कशाला हवंय. तो म्हणाला, बोर्डावर काही चुकीचं जायला नको म्हणून. धम्मदिनाला भावाचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी तीन फ्लेक्स लागले. एक दापोड्याच्या वजनकाट्यापाशी, एक वळ गावात ट्रक उभे राहतात त्या मैदानात आणि एक चहाच्या टपरीवर. त्यावर पिवळ्या पट्टीत लिहिलं होतं: ‘स्टेअरिंग एकाच बाजूने का चालते? कारण: गळती. तपासणी कशी करावी? मार्गदर्शन: डॉ. धम्मदिना रोकडे, दहा वर्षांचा अनुभव. प्रवेश मोफत. चहा व बटाटेवडा.’ खाली विहाराचा पत्ता आणि रविवार, सकाळी अकरा.

रविवारी पावणेअकरालाच सभागृह भरलं. मंदाने चाळीस वडे सांगितले होते. साठ माणसं झाल्यावर ती विकीला शोधायला निघाली आणि तो तिला चपलांच्या कपाटामागे सापडला. आलेल्यांत निम्म्याहून जास्त ड्रायव्हर होते, काही क्लीनर, चार-पाच मेकॅनिक. एकाने पाना सोबत आणला होता. चांगदेव नावाचा तीस वर्षं गाडी चालवणारा ड्रायव्हर तर आपला टेम्पोच घेऊन आला होता आणि विहाराच्या दारासमोर, डॉक्टरीणबाईंना नीट दिसेल असा, लावून बसला होता. त्याची गाडी डावीकडे लोण्यासारखी वळत होती आणि उजवीकडे वळवताना दोन्ही हात लावावे लागत होते.

धम्मदिना आली तेव्हा चांगदेवने अदबीने जय भीम घातला, मोबाइलवर काढलेला फ्लेक्सचा फोटो दाखवला आणि आधी गाडी बघता की आधी भाषण करता, असं विचारलं. तिने फोटो वाचला, मग पुन्हा वाचला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि त्यातले निम्मे तिनेच फोनवर कबूल केले होते. तिने मान वळवून विकीकडे पाहिलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

रिवाजाप्रमाणे आधी वंदना झाली. सगळ्यांनी पंचशील म्हटलं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे चौथं शील आलं तेव्हा विकीला पाठीवर दोन नजरा जाणवल्या, एक आईची आणि एक बहिणीची. तो शील इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाला. आपण खोटं बोललोच नाही, अशी त्याची खात्री होती. 

धम्मदिना उभी राहिली आणि तिने सरळ सांगून टाकलं की बोर्डावरचं सगळं खरं आहे, पण ते गाडीबद्दल नाही. प्रकाशाच्या कणांबद्दल आहे. सभागृहात कुजबुज झाली. मागच्या दोन रांगा उठल्या. पान्यावाला पाना खिशात कोंबायला लागला. तेव्हा चांगदेव मागे वळून म्हणाला की चहा अजून यायचाय, बसून घ्या. माणसं बसली.

“चहा येईपर्यंत एक खेळ खेळू,” धम्मदिना म्हणाली. “हा माझा भाऊ विकी. बोर्ड यानेच लावला. आता तो तुम्हाला पुन्हा एकदा फसवणार आहे, या वेळी तुमच्यासमोर. तुम्ही त्याला पकडायचं.”

सभागृह एकदम जागं झालं.

खेळ साधा होता. विकीने वीस लिफाफे भरायचे, त्यांवर नंबर टाकायचे; एक लिफाफा म्हणजे जोडीतला तपासणाऱ्याकडे गेलेला कण, दुसरा कण विकीकडे. प्रत्येक लिफाफ्याला दोनांपैकी एक प्रश्न विचारता येईल: लाल की निळा, किंवा डावा की उजवा. आत एका चिठ्ठीवर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं, कारण खऱ्या कणाजवळही दोन्ही उत्तरं एकदम पक्की नसतात. चिठ्ठीवर नसलेलं विचारलं तर नाणं उडवायचं, छाप पडला तर लाल किंवा डावा, काटा पडला तर निळा किंवा उजवा. तपासणाऱ्याने लिफाफा हातात घेतल्यावर प्रश्न ठरवायचा. विकीने भिंतीकडे तोंड करून आधी उत्तर सांगायचं, मग लिफाफा उघडायचा. विकीचा दावा असा, की तो इथे उभं राहून तिकडचं उत्तर हवं तसं वळवतो. वाटेत त्याच्याकडचा एखादा कण हरवतोही, तसं झालं तर ‘हरवला’ म्हणायचं.

“तपासायला मला असं माणूस हवंय, जे कुणावर विश्वास ठेवत नाही,” ती म्हणाली.

चांगदेवने क्षणभरही विचार केला नाही. त्याने दाराजवळ बसलेल्या एका बाईकडे बोट केलं. ती सरू. डोंगराकडच्या पाड्यावरून रोज वळच्या गोडाउनला कामाला येणारी, आलेला माल मोजून घेणारी चेकर. नवऱ्याला, नवशाला, गाडी शिकायची होती म्हणून दोघं आली होती. चांगदेव म्हणाला की या बाईने त्याला एकदा तीन खोक्यांसाठी पाच तास उभं केलं होतं, आणि तीन खोकी खरंच कमी होती.

सरू पुढे आली, लिफाफे मोजले, एकोणीस भरले म्हणून विकीला परत दिले. त्याने विसावा आणून दिला. नवशाच्या खिशातून तिने पेन घेतलं आणि एका पुठ्ठ्यावर रेघा आखल्या.

विकीने वेळ वाचवायला वीसही चिठ्ठ्यांवर फक्त रंगच लिहिले होते आणि त्यांची यादी तळहातावर उतरवून घेतली होती. सरूने पहिल्या पाच लिफाफ्यांना रंगच विचारला. पाचही उत्तरं बरोबर आली. ड्रायव्हर लोक एकमेकांकडे बघायला लागले. विकीने भिंतीकडे तोंड करूनच कॉलर ताठ केली.

मग तिने बाजू विचारली. चूक. परत बाजू. बरोबर. परत बाजू. चूक. नंतर एकदा बरोबर. सरूने मान न हलवता रेघा ओढल्या. विकीच्या लक्षात आलं की ही बाई आपल्याला कोपऱ्यात घेतेय, आणि त्याच्या डोक्यात एक झकास युक्ती आली. पुढच्या वेळी तिने बाजू विचारली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “हरवला.” रंग विचारला की उत्तर हजर, बाजू विचारली की कण हरवलेला. असे पाच कण हरवले.

शेवटचा लिफाफा झाल्यावर त्याने हिशेब स्वतःच जाहीर केला. दिलेली उत्तरं पंधरा, बरोबर तेरा. ताईचं एक वाक्य त्याला घरी ऐकून ऐकून पाठ होतं: कण आधीच भरून पाठवले, तर लबाडी कितीही हुशारीने केली तरी शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास अडकते. पंधरात तेरा म्हणजे शंभरात शहाऐंशीच्या वर. त्याने हात पसरले. आता त्याला पकडून दाखवावं.

मागून नाराजीचा सूर निघाला, पण चूक नेमकी कुठे ते कुणाला सांगता येईना. हरवलं तर हरवला म्हणायचं, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. धम्मदिना सरूकडे बघत होती.

सरू पुठ्ठ्याकडे बघत बसली. चहा आला, तिने कप घेतला, बाजूला ठेवला.

“रंगाचं ह्याला समदं ठावं हाय, बाजूचं अर्धंच,” ती म्हणाली. “म्हंजे ह्यानं आदीच भरून पाठवलंय. आनि हरवलं असं हा म्हनू शकत न्हाय.”

का नाही, असं धम्मदिनाने विचारलं.

“मना पटवायला तो आलाय ना. पटवनाऱ्याचं हरवलं तर ती त्याची चूक धरायची. न्हायतर जवा उत्तर येत न्हाय तवा तो हरवलंच म्हनंल. माझ्याकडचं हरवलं तर गोष्ट येगळी. मी तपासनारी हाय, माझं हरवलं तर ती फेरी सोडायची. मना त्यात काय फायदा?”

धम्मदिनाने सरूला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि या वेळी फळ्यावर लिहून घेतलं. ती म्हणाली की हे समजायला तिला स्वतःला दीड वर्ष लागलं होतं. सरूला ते खरं वाटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुढचं सांगायला धम्मदिनाला फार वेळ लागला नाही. समजा कणांची जोडी खरोखर गुंफलेली आहे, म्हणजे कुठलाही प्रश्न विचारला तरी दोघांची उत्तरं जुळतात. एक कण माझ्याकडे, एक सरूकडे, आणि वाट फक्त सरूच्या बाजूने गळकी आहे. मी सरूला पटवायला गेले तर पटवू शकते, कारण गळती तपासणारीच्या बाजूला आहे, त्या फेऱ्या सुटतात. पण सरू मला पटवायला आली तर तिचे हरवलेले कण तिच्याच अंगावर येतात आणि ती पंच्याऐंशीची हद्द ओलांडू शकत नाही. जोडी तीच, वाट तीच. इकडून तिकडे स्टेअरिंग चालतं, तिकडून इकडे नाही.

“म्हंजे बोर्डावर खरंच व्हतं,” चांगदेव म्हणाला. विकीने भिंतीपासून तोंड वळवलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

चांगदेवने एक शंका काढली. असं असेल तर इथून सुरतेला गेलेल्या गाडीला, फोन न करता, निरोप देता येईल का? धम्मदिना नाही म्हणाली. तिकडच्या माणसाला एकट्याला काहीच वेगळं दिसत नाही, दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवल्यावरच मेळ कळतो, आणि याद्या आणायला फोनच लागतो. चांगदेवचा या विषयातला रस तिथे बराच कमी झाला. पण सरूचा वाढला.

“तुमचे कन दोन्ही प्रश्नांना बरोबर येतात?”

“दोन्ही. तू मागून ठरवलंस तरी.”

“मग आत भरतो कोन?”

“कोणीच नाही,” धम्मदिना म्हणाली. “आधी भरलेलं नसतंच.”

सरूने थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. कोणीच भरलं नाही आणि तरी माल बरोबर निघतो, हे ती तिच्या उभ्या जन्मात मान्य करणार नव्हती. तिने विचारलं की हे तुमचं खरं यंत्र कुठे आहे, ते बघायला मिळेल का. धम्मदिना म्हणाली, बुधवारी. बुधवारी सरूला सुट्टी होती.

सभा दीड वाजता संपली. तोपर्यंत चार मेकॅनिक चांगदेवच्या टेम्पोखाली शिरून दोष कुठला यावर भांडत होते, आणि त्या भांडणातच गाडी उजवीकडे वळायला लागली. मंदाने दुसऱ्यांदा वडे मागवले. जाताना तिघा-चौघांनी धम्मदिनाला पुढचं भाषण कधी, असं विचारलं. एकाने ब्रेकवर ठेवता आलं तर बघा, अशीही विनंती केली.

मग ती विकीकडे आली. त्याने मनातल्या मनात तीन-चार उत्तरं तयार ठेवली होती. तिने त्याला एकही वापरू दिलं नाही.

“मला आधी सांगायचं होतंस,” ती म्हणाली.

“तू नको म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते.” तिने हातातला खडू त्याच्या शर्टाला पुसला. “तिन्ही बोर्ड आज उतरवायचे. आत्ता, या उन्हात. आणि बुधवारी सरूताईंना घेऊन यायचं.”

विकीने बोर्ड उतरवले. वजनकाट्यावर शिडी धरायला कुणी नव्हतं, तेव्हा त्याला जरा बहिणीची आठवण झाली, चांगल्या अर्थाने नाही.

बुधवारी त्याने व्हॅन काढली आणि सरूला घेऊन मुंबई गाठली. प्रयोगशाळा म्हणजे काळे पडदे लावलेली एक खोली होती. मधल्या जड टेबलावर बारीक बारीक आरसे आणि भिंगं उभी, आणि टाचणीच्या डोक्याहून जरा मोठा एक स्फटिक. त्यातून कणांच्या जोड्या निघतात म्हणे. धम्मदिनाचे मोठे सर मुद्दाम थांबले होते. ही बाई कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा धम्मदिना म्हणाली, “चेकर आहेत.” सरांनी मान डोलावली. त्यांना ते पद परदेशातलं वाटलं असावं.

सरूने डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवला आणि पाच मिनिटं खोलीभर फिरली. मग तिने तक्रारी मांडल्या. संगणकावर बसलेल्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचे आकडे दिसत होते, ते तिला पसंत नव्हतं. त्याला बाजूच्या खोलीत पाठवा. सर दोन्ही टेबलांच्या मधे उभे होते, त्यांनी दारापाशी जावं. हरवलेले कण कुठे लिहिता ते दाखवा. आणि या विकीला बाहेर बसवा.

सर दारापाशी गेले. विद्यार्थी बाजूच्या खोलीत गेला. विकी बाहेरच्या बाकावर बसला आणि दाराच्या चौकोनी काचेतून आत बघायला लागला.

सरूपुढे एक बटण होतं. ते इकडे किंवा तिकडे केलं की प्रश्न बदलायचा. ती मनाला येईल तसं बटण फिरवत होती, कधी चारदा एकीकडे, कधी लागोपाठ उलटसुलट. काचेतून विकीला पडद्यावर लबाडीच्या हद्दीची आडवी लाल रेघ दिसत होती आणि बरोबर उत्तरांची हिरवी रेघ हळूहळू वर चढताना दिसत होती. ती लाल रेघेच्या वर गेली आणि वरच राहिली. मग सरूने बाजू बदलायला लावली. आता ती पटवणारी आणि धम्मदिना तपासणारी. गळती सरूच्याच बाजूला होती. हिरवी रेघ खालीच घुटमळली. सरूने पुन्हा पहिलं करायला सांगितलं. वर. पुन्हा दुसरं. खाली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सरांनी घड्याळाकडे बघितलं, आणि मग सरूने त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी घड्याळ झाकलं.

पावणेदोन तासांनी दार उघडलं. सरांनी अगदी उत्सुकतेने विचारलं की आता पटलं का.

“पटलं असं न्हाय,” सरू म्हणाली. “पन खोटं सापडलं न्हाय.”

सर म्हणाले की त्यांच्याकडे याच्यापेक्षा मोठी एक मांडणी आहे, दोन इमारतींच्या मधे तार टाकलेली. ती चालू करायची आहे आणि तपासायला असं कोणी असलं तर बरं होईल. पुढच्या गुरुवारी याल का? गुरुवारी तिची दुसरी शिफ्ट होती, जमणार नाही, असं सरूने सांगितलं.

सरांनी खिशातून डायरी काढली, गुरुवार खोडला आणि विचारलं, “बुधवारी चालेल?”